माठाखालची बाटली

माठाखालच्या ओल्या वाळूत तापमान चोवीस अंश होतं. बाहेर सोलापूर बेचाळीस अंशांत भाजत होतं. सुकन्यानं तीन दिवस तासातासाला मोजून हे आकडे प्रयोगशाळेत सांगितले, तेव्हा महेश्वर सरांनी आपली बाटली तिच्या हवाली केली. त्यांच्या बंगल्यातली वीज रोज जात होती आणि ते आठ दिवस परगावी निघाले होते.

"फ्रान्सची रेड वाईन. बावीस वर्षं जपलीय," सर म्हणाले. "आडवी ठेव, अंधारात ठेव. झोपलीय ती. उठवायची नाही."

स्वतः सरांनीही तिला कधी उठवलं नव्हतं. मुलीचं लग्न झालं, तोही प्रसंग त्यांना बाटलीपुढं लहानच वाटला होता. सुकन्यानं मान डोलावली. बंगळूरला संशोधनाला जायचं तर सरांचं शिफारसपत्र हवं होतं, आणि ते अजून लिहायचं होतं.

दुपारी ती माठाशेजारी गार फरशीवर पडायची. माठ ठिबकायचा. एकेका थेंबाबरोबर तिला वाटायचं, तिथं काळोखात टॅनिनच्या साखळ्या एकमेकींचे हात धरून जड होताहेत, सावकाश तळाला बसताहेत, आणि वरचा तुरटपणा निवळत चाललाय. इतक्या निवांतपणे कुणी मोठं होतं का, या विचारात तिचाच डोळा लागायचा.

आठव्या दिवशी तसाच लागला. संध्याकाळी जाग आली तेव्हा वाळूत बाटलीच्या आकाराचा खड्डा तेवढा उरला होता.

सांगोल्याचा जोतिराममामा डाळिंबाचा रस धाडायचा तो हाताला येईल त्या बाटलीतून, त्यामुळं परदेशी लेबलाचं सुकन्याच्या आईला, बाळाबाईंना, काही वाटलं नव्हतं.

"बूच लई घट्ट मारलंया जोत्यानं," आई म्हणाली. "पळीच्या दांड्यानं आत ढकललं. तळाला गाळ हुता, फडक्यातनं गाळला आन् दोन तास उघडा ठिवला. अर्धा पेला पिले, तर कशी गुंगीच आली बग."

उरलेल्या तुरट रसात घालायला तिनं घेतलेला साखरेचा डबा सुकन्यानं काढून घेतला, तेवढ्यात सर दारात उभे राहिले.

"उनातनं आलायसा," म्हणत आईनं स्टीलचा पेला त्यांच्या हातात दिलासुद्धा.

सरांनी एक घोट घेतला. मग पेला नाकाशी धरून डोळे मिटले. ओली माती, असं काहीतरी ते पुटपुटले. मग वाळलेली गुलाबं. डोळे उघडले ते मोरीपाशी उपड्या घातलेल्या बाटलीवर. बंगळूरची गाडी आपल्यावाचून सुटताना सुकन्याला स्पष्ट दिसली.

"बावीस वर्षं मी नुसता विचार करत होतो, चव कशी असेल," सर हळूच म्हणाले. "अजून आहे?"

दुसरा पेला संपल्यावर ते जरा ओशाळले. रविवारी मित्रमंडळी बाटली बघायला येणार होती. पत्र सोमवारी मिळेल. तेवढी बाटली भरून द्यावी.

आईनं टोपलीतली डाळिंबं सोलली, रस काढला, बाटलीत ओतला आणि दाणे काढलेल्या मक्याचं बुरकुंड तासून बूच मारलं.

"पर ह्यो रस चार दिसांत आंबल की," ती म्हणाली.

"आंबू दे. त्याचीच वाईन होते, आई."

बाळाबाईंनी आधी सरांच्या आणि मग स्वतःच्या रिकाम्या पेल्याकडं पाहिलं, आणि पदर सावरून खाली बसल्या.

आंबताना वायू सुटतो, म्हणून सुकन्यानं बुचाला सुईनं आरपार भोक पाडलं. सरांनी बाटली तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर आडवी घेतली, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक लाल थेंब पडला.

"सर," ती म्हणाली, "आता हिला उभ्यानंच झोपू द्या."