जंक्शनमामा डोळे मिटतात

जंक्शनमामा ध्यानाला बसले की त्यांच्या उजव्या बाजूला विहारात बरीच जागा मोकळी राहते. नव्या माणसाला कारण ठाऊक नसतं. तो रिकामी सतरंजी बघून मांडी घालतो, डोळे मिटतो, आणि जरा कुठं शांत वाटायला लागलं की एक हाडकुळा हात आडवा येऊन त्याच्या नाकावर आपटतो. मामांचे डोळे मिटलेलेच असतात. चेहरा असा, की या हाताशी आपला काही संबंध नाही.

दोष तसा भंतेंचा. शिरूरच्या शिबिरात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की विचार येतील, त्यांना अडवू नका, त्यांच्या मागं धावू नका, आले तसे जाऊ द्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मामांनी मात्र ती ऑर्डर म्हणून घेतली. त्यांची सगळी नोकरी दौंड जंक्शनला पॉइंट्समन म्हणून गेलेली. न थांबणारी गाडी आली की प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून हिरवा बावटा आडवा धरायचा, गाडी पुरती निघून जाईपर्यंत. तेच त्यांनी आता आतल्या आत चालू केलं. विचार आला की हात बाहेर. विचार गेला की हात मांडीवर.

वंदना संपल्यावर कुणी विचारलं की मामा, आज काय काय गेलं, तर ते हिशोबानं सांगत. "गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, ती गाडी आली. सोडली. मग गुडघा. गुडघा मालगाडीवानी हाय, संपता संपत न्हाई. पण सोडला."

आमच्या वस्तीत वंदनेला येणाऱ्या निवृत्त गुरुजींचा चष्मा या हातानं फुटला तेव्हापासून ते खिडकीपाशी बसतात. मामांचं खरं नाव बबन. पण गुरुजींनी रागानं 'जंक्शन' म्हटलं आणि तेच चिकटलं.

मी त्यांच्या शेजारी राहतो. मूळचा न्हावऱ्याचा, कुरकुंभच्या एका कंपनीत स्टोअरला. स्वभावानं अबोल. पण कंपनीच्या बसमध्ये मामांची नक्कल करताना मला तोंड फुटायचं. डोळे मिटायचे, मान ताठ करायची आणि शेजारच्याच्या छातीवर हात आडवा टाकायचा. बस हसायची. माझ्यासारख्या माणसाकडं लोक त्या एका गोष्टीसाठी वळून बघायचे, म्हणून मी ती रोज करायचो. हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

मामांचा दुसरा छंद म्हणजे एक प्रश्न. ध्यान करणारा माणूस दिसला की त्याला गाठायचा आणि विचारायचं, "फळ काय? सुख का ज्ञान? एकच सांगायचं."

एकच सांगायचं, ही अट मोठी जाचक. मोबाइलवर घंटा लावून ध्यान करणारा बँकेतला एक तरुण त्यांना एसटी स्टँडवर सापडला. तो म्हणाला, काका, फ्रेश वाटतं. मामा म्हणाले, "फ्रेश तर आंघोळीनं बी वाटतं." गुरुजींना विचारलं तर गुरुजी म्हणाले, माझं बीपी उतरलं. यावर मामांनी बराच विचार केला आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या दारात जाऊन सांगितलं की बुद्धानं राजवाडा सोडला तो बीपीसाठी नसणार. गुरुजींचं बीपी त्या दिवशी पुन्हा चढलं, असं त्यांच्या सुनेचं म्हणणं.

मामांना या प्रश्नाचं उत्तर इतकं तातडीनं का हवं होतं, हे मला उशिरा कळलं.

ते ध्यानाकडं वळले त्याचं कारण कमलमामी. मामी वडगाव रासाईच्या. नदीकाठच्या माणसाचा मोकळा आवाज, हसल्या की आमच्या भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मुलाला मूल झालं तेव्हा त्या चिंचवडला गेल्या, बाळ जरा बसायला लागेपर्यंत. बाळ बसलं, चाललं, पळायला लागलं. मामी सणावाराला यायच्या, डबे भरून ठेवायच्या आणि परत जायच्या. मामा चिंचवडला एकदा राहून आले. फ्लॅट चांगला होता, सून चांगली होती, पण गाड्यांचा आवाज नसल्यानं झोप लागेना, असं त्यांनी मला सांगितलं. मग ते शिरूरच्या शिबिराला गेले. तिथलं मौन त्यांना फार मानवलं. इतकं की घरी आल्यावरही त्यांनी दर रविवारी दिवसभर मौन धरायचं ठरवलं.

पहिल्या रविवारी दूधवाल्याला वाटलं, मामा रुसले. त्यानं उगाचच माफी मागितली आणि एक माप जास्त घातलं. दुसऱ्या रविवारी मामींचा फोन आला, तर मामांनी उचलून नुसताच समोर धरला. मामी हॅलो हॅलो करून दमल्या आणि त्यांनी मला फोन लावला. मी खिडकीतून बघून सांगितलं की मामा ठीक आहेत, मौनात आहेत.

मामी म्हणाल्या, "सुरेशा, त्यांचं मौन लग्नापास्नं चालूय. आता त्याला नाव मिळालं एवढंच."

मी हसलो. त्याही हसल्या. तो विनोद नव्हता, हे मला त्या वेळी समजलं नाही.

या पावसाळ्याच्या आधी मामांनी घर दुरुस्तीला काढलं. नातू जूनमध्ये शाळेत जाणार, मग मामी तिथं कशाला राहतील, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यांनी भिंतींना रंग दिला. मामींची पाठ दुखते म्हणून स्वयंपाकाचा ओटा तोडून उंच करून घेतला. गवंडी विचारायचा, किती उंच, आणि मामा स्वतःच्या छातीखाली हात लावून म्हणायचे, "हितं तिचं कोपार येतंय." मापाला मामी नव्हत्या, म्हणून त्यांनी माझ्या बायकोला उभं केलं, मग ती बुटकी पडली म्हणून तिला पाटावर उभं केलं. आख्ख्या वस्तीला करमणूक झाली.

आणि याच दिवसांत मामींचा मला फोन आला. मी कंपनीत, रॅकच्या मागं उभा होतो. त्या नेहमीसारख्या हसत बोलत नव्हत्या. म्हणाल्या की मी आता इथंच राहणार. पोरानं, सुनेनं सांगितलं म्हणून नाही, मलाच राहायचंय. इथं खाली बायका बसतात, बोलतात. सून ऑफिसातलं सगळं सांगते. नातवाची तर टकळी थांबत नाही.

"मला हितं कुणीतरी विचारतं रे. तिकडं मी भांड्यांशी बोलायची. ते वाईट न्हाईत. हात उचलला न्हाई, दारू न्हाई. पण माणूस घरात असून नसल्यावानी. त्यांना तू सांग. मी सांगितलं तर ते नुसतं ऐकत्याल, आन् ते मला सोसायचं न्हाई."

मी हो म्हणालो. आणि सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी बसमधून उतरायचो तेव्हा मामा नव्या ओट्यावर पाणी मारत असायचे. आज सांगू म्हणायचो. ते मला आत बोलवायचे, टाइल्सचा रंग दाखवायचे, मी छान म्हणायचो आणि घरी जाऊन गुपचूप जेवायचो. बायको विचारायची, काय झालं, मी म्हणायचो, काही नाही. नक्कल करणं मात्र बंद केलं. बसमधले लोक म्हणाले, काय रे, तुझं जंक्शन बंद पडलं काय.

अशात भंते आमच्या विहारात आले. मामांना उधाण आलं. प्रवचन संपायची त्यांनी कशीबशी वाट पाहिली आणि हात जोडून उभे राहिले. भंते, ध्यानानं सुख मिळतं का ज्ञान? एकच सांगा.

भंते तसे हसतमुख. म्हणाले की ध्यानात सुख भेटतं, पण ते वाटेतलं. तिथं मुक्काम करायचा नसतो. ध्यान आहे ते दिसण्यासाठी. जे जसं आहे ते तसं दिसणं, हेच ज्ञान.

मामा तेवढ्यावर बसणारे नव्हते. "आन् दिसल्यावर सुख न्हाई झालं तर?"

"तर तेही दिसेल."

लोक हसले. मामा हसले नाहीत. तेवढ्यात आशाताई बोलल्या. या आमच्या अंगणवाडीच्या, वंदना त्याच घेतात आणि कुणाला भीत नाहीत. त्या म्हणाल्या, "भंते, मला राहवत नाही म्हणून बोलते. एकट्यानं डोळे मिटून कोपऱ्यात बसायचं, ह्यात मला पुरता धम्म दिसत नाही. धम्म दोन माणसं असली की सुरू होतो. मामा, डोळे उघडल्यावर तुम्ही कुणाशी कसं वागता, ते सांगा आधी."

भंते म्हणाले, ताई बरोबर बोलल्या. गुरुजींनी खिडकीपाशी बसल्या बसल्या जोरात मान हलवली, चष्म्याचा सगळा सूड त्या हलवण्यात होता. मामा खाली बसले. त्या संध्याकाळच्या ध्यानात त्यांचा हात एकदाही हलला नाही. शेजारची रिकामी जागा उगाचच रिकामी राहिली.

नंतर मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. उजेड अजून होता. मामांनी दार उघडलं, रंगाचा वास आला. कोपऱ्यात मामींसाठी आणलेलं नवं स्टूल, त्यावर प्लास्टिक तसंच. आता नाही बोललो तर मी कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मामी येणार नाहीत. मला त्यांनी केव्हाच सांगितलंय. मीच तोंड उघडलं नाही, तुम्ही ओटा बांधत होतात आणि मी बघत राहिलो.

मामांनी ओट्यावरनं हात फिरवला. मग विचारलं, "काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांग."

मी भांड्यांचं सांगितलं. घरात असून नसल्यासारखं, तेही सांगितलं. काहीच गाळलं नाही.

ते भिंतीला टेकून खाली बसले. मी पाणी दिलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"सुरेश," ते म्हणाले, "शिबिरात पहिल्याच दिवशी दिसलं होतं रं मला हे. डोळे मिटले आन् ही दिसली. चुलीपाशी बसून भाकरी थापतीय आन् बोलतीय. समद्या गल्लीचं सांगतीय. मी पेपर धरलेला. ती बोलायची थांबती, माझ्याकडं बघती, आन् परत भाकरीकडं बघती. बास, एवढंच. आन् मी तिला बी बावटा दाखवला. भंते म्हणालं हुतं ना, सोडायचं म्हणून. रोज यायची. रोज सोडली."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"म्हंजी ज्ञान तर तवाच झालं हुतं. मी सुखाची वाट बघत बसलो. वाटलं, लई बसलो की मला कुणाची गरजच लागणार न्हाई. आन् मग ती येईल आपसूक." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसती पापण्यांची उघडझाप केली. "म्हणून इचारत फिरायचो. कुणीतरी सुख म्हणावं म्हणून."

मी म्हणालो, मामा, फोन लावा. ते म्हणाले, ये म्हणू काय? मी म्हणालो, नका म्हणू. नुसतं बोला.

त्यांनी फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावतात. मामींचा आवाज सगळ्या खोलीत आला. "बोला."

मामा बोलेनात. मागं नातवाचा कसलातरी ओरडा चालला होता.

"आज मौन हाय व्हय?" मामी म्हणाल्या.

"न्हाई," मामा म्हणाले. "मेथी आणलीय."

"बरं."

"निवडाया येत न्हाई मला. निम्मी देठंच ऱ्हातेत. कडू हुती भाजी."

फोन चालू होता, एवढंच कळत होतं. मी उठायला लागलो तर मामांनी माझं मनगट धरलं. बाहेरनं कुठलीशी गाडी गेली, तेवढा वेळ दोघांनाही सवलत मिळाली.

"सुरेशनं सांगितलं," मामा म्हणाले. "तू तिथंच ऱ्हा. मला पटलं. मी ये म्हणायला न्हाई लावला फोन."

"मग कशाला लावला?" मामींचा आवाज बारीक झाला होता.

मामांनी फोनवर तळहात दाबला आणि माझ्याकडं बघून कुजबुजले, "पुढं काय बोलू?"

विचारलं कुणाला, तर मला. मी घाबरून गेलो. जे सुचलं ते सांगितलं, की विचारा, जेवलीस का.

मामांनी हात काढला. घसा साफ केला. विहारात वंदना म्हणताना होतात तसे ताठ बसले.

"जेवलीस का?"

"आत्ता?" मामी म्हणाल्या. "सहा वाजल्यात. सहाला कोण जेवतं?"

मामांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच त्यांचा संसार बुडवला. आणि मग त्या फोनमधून तो आवाज आला, पूर्वी आमच्या भिंतीपलीकडून यायचा तो, मोकळा, नदीकाठचा.

मामांनी पुन्हा फोनवर हात ठेवला, आणि मला तो आवाज ऐकू गेला नसेल अशा समजुतीनं, अगदी हळू सांगितलं, "हसली."