गवतावर चालू नये

आडेवण गावात लॉन म्हणजे काय हे कळणारा माणूस एकच होता, आणि ते कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. दाजी वायंगणकर! मुंबईला एका विमा कचेरीत त्यांचा जन्म गेला. टेबल खिडकीशी होते आणि खिडकीतून समोरच्या जिमखान्याचे हिरवेगार लॉन दिसे. शनिवारी दुपारी साहेबलोक तिथे वेताच्या खुर्च्या टाकून चहा पीत. कुंपणावर पाटी होती, 'गवतावर चालू नये'. साहेबांना ती लागू नसावी. दाजींना होती, म्हणून दाजी सारी नोकरी त्या पाटीच्या अलीकडून चालले. आपलेही एक लॉन असावे, त्यात खुर्ची आपली असावी आणि पाटीही आपली असावी, एवढीच इच्छा मनात धरून ते निवृत्त झाले. माणसाच्या इच्छा याहून वाईट असतात.

गावातल्या घरात चुलतभावांची एवढी दाटी की तिथे तुळस लावायलाही संमती काढावी लागे. म्हणून दाजींनी व्हाळाच्या पलीकडे जागा घेऊन घर बांधले. व्हाळ म्हणजे पावसात वाहणारा आणि एरवी नुसता दगडगोट्यांचा असणारा ओढा. आडेवणची वेस तिथेच संपते. पलीकडचा माळ दुसऱ्या गावाचा.

"अरे, देव हंय, माणसां हंय, आणि तू वेशीभायर जावन करतलंस काय?" गावचे मानकरी भाई म्हणाले.

"शांतता, भाई," दाजी म्हणाले. मुंबईचे लोक अशा वेळी शुद्ध मराठीत बोलतात.

मग दाजी कामाला लागले. माळावरचे धोंडे काढले, त्यांचाच चहूबाजूंनी गडगा घातला, जमीन सपाट केली, लॉनला पाणी हवे म्हणून विहीर खणली आणि तिच्यावर रहाट बसवला. जमिनीत हरळ माजली होती. ती उपटून गडग्यापलीकडे फेकली. मुंबईहून आगबोटीने विलायती गवताचे बी आणले होते, ते अंगणभर पेरले. सगळ्यांत शेवटी सागाच्या जाड खांबावर पाटी उभी केली.

या सगळ्यात एकच अडचण होती, तिचे नाव सुभद्रा. या दाजींच्या पत्नी. अंगण त्यांनाही हवे होते, पण सारवलेले, कडक, उन्हात तापणारे. भात तिथे पसरायचे, कुळीथ तिथे झोडायचे, फणसाचे साट आणि आमसुले तिथेच वाळवायची. अंगण नसलेल्या घराला त्या घरच मानत नव्हत्या.

"गवात गुरांक घालतत," त्या म्हणाल्या. "दारात कोण लावता?"

"सुभद्रे, याला लॉन म्हणतात."

"म्हणा कायव. मिया आमसुलां खंय सुकवू, तां सांगा."

वाद पुष्कळ झाला. शेवटी सुभद्राबाईंनीच तोडगा काढला. शिमग्यापर्यंत दाजींच्या गवताने मान वर काढून दाखवली तर अंगण कायमचे दाजींचे. नाही काढली तर त्या शेण कालवून अंगण सारवून घेणार, आणि मग या घरात लॉनचे नाव कुणी काढायचे नाही.

"आणि आयकत असशात तर हंयचीच हरळ लावा," त्या जाता जाता म्हणाल्या. "शेण घाला. तुडवली तरी मराची नाय."

"हरळ? गणपतीला वाहायची ती?" दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

विलायती बी उगवले खरे. पण आडेवणचे ऊन त्याला मानवेना. दाजींनी तालुक्याहून पांढरे खत आणले आणि बांगड्यावर मीठ टाकावे तसे मुठीने टाकले. जिथे मूठ पडली तिथे गवत जळाले आणि जिथे नाही पडली तिथे पिवळे झाले. दाजी सकाळ-संध्याकाळ रहाट ओढत होते. सुभद्राबाई एकदा लॉनकडे बघत. मग शेणाच्या टोपलीकडे बघत, आणि दाजींना ते फार लागे.

अशात देवळात कौल झाला. देवाने गावपळण सांगितली.

आमच्या भागातली ही जुनी रीत. काही वर्षांनी एकदा देव सांगतो आणि तीन दिवस अख्खा गाव रिकामा करायचा. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर जाऊन माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या झापांच्या झोपड्या बांधून राहायचे. गावात मागे चुलीत निखारासुद्धा ठेवायचा नाही. दाजींना मनातून उकळ्या फुटल्या. त्यांचे घर आधीच वेशीबाहेर! त्यांना कुठेच जायचे नव्हते. उलट गाव गुरांसकट दुसऱ्या कुठल्या माळावर जाईल, म्हणजे चुकार गुरे तीन दिवस तरी गडग्यावरून उडी मारणार नाहीत आणि लॉनला विसावा मिळेल, असा त्यांचा हिशोब.

देवळात भाई गाऱ्हाणे घालत होते. म्हणजे देवापुढे उभे राहून गावाचे मागणे मागत होते. ते मागणीमागून मागणी म्हणत आणि थांबले की सारा गाव एका आवाजात म्हणे, "व्हय म्हाराजा!" दाजी खांबाला टेकून उभे होते. भाई श्वास घ्यायला थांबले, आणि दाजींच्याने राहवले नाही.

"या खेपेला कुणी काळजी करू नका," ते मोठ्याने म्हणाले. "तुम्ही सगळे डोक्यावर टोपल्या घेऊन पळाल, तेव्हा मी माझ्या लॉनमध्ये खुर्ची टाकून मजा बघत बसलेला असेन. तहान लागली तर या. विहीर आहे, जागा आहे, सगळे आपलेच समजा!"

आणि बोलून ते थांबले.

गाऱ्हाणे चालू असताना कुणी थांबले की आमच्याकडच्या माणसाच्या तोंडून पुढचे शब्द आपोआप बाहेर पडतात. काय म्हटले ते ऐकावे लागत नाही, नुसती थांबायची खोटी.

"व्हय म्हाराजा!" सारा गाव म्हणाला.

भाईंनी दाजींकडे पाहिले, मग देवाकडे पाहिले, आणि हात जोडले.

"भाई, मी आपले सहज बोललो," दाजी म्हणाले.

"सहज आसांदे नायतर कसांय. देवान आयकलां, गावान व्हय म्हटलां. आता बोलूचां काम नाय," भाई म्हणाले, आणि पुढच्या मागणीला लागले.

दाजींनी मनाची समजूत घातली की येतील दोन-चार बायका कळशी घेऊन. पळणीच्या सकाळी ते खुर्ची घेऊन अंगणात आले आणि व्हाळाकडे बघतच राहिले. सगळा आडेवण गाव व्हाळ ओलांडून त्यांच्या दिशेने चालला होता! पुढे गुरे, मागे माणसे, डोक्यावर हंडे, काखेत कोंबड्या, खांद्यावर झाप. एका बाईच्या टोपलीत मांजर होती आणि ती दाजींच्या लॉनकडे टक लावून बघत होती.

दाजी धावत जाऊन पाटीला हात लावून उभे राहिले. "भाई, हे वाचा. आधी हे वाचा."

भाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचले, "गवतावर चालू नये." मग मागे वळून गावाला म्हणाले, "आयकलांत मा? दाजीच्या गवतार कोणी चलाचां नाय. बसा सगळी!"

सगळी बसली.

त्यानंतर दाजींनी लॉनसाठी केलेली एकेक गोष्ट गावाच्या उपयोगी पडली. धोंडे नव्हते म्हणून झोपड्यांचे खांब पटापट रोवले गेले. जमीन सपाट म्हणून चुली सरळ मांडता आल्या. गडगा होता म्हणून गुरे आतच राहिली. रहाट तर क्षणभर थांबला नाही. मुख्तार म्हणून आचऱ्याच्या बाजाराला नारळ नेणारा गाडीवाला होता, गावातल्या मुसलमान वाडीतला. गावपळणीत तोही सगळ्यांबरोबर निघे. त्याने आपली बैलजोडी थेट पाटीच्या खांबाला बांधली.

"दाजी, खांब मात्र घट्ट रोवलास हा," तो मनापासून म्हणाला. "असो खांब गावात नाय."

"मुख्तार, तो बैल गवात खाता!" दाजींचे शुद्ध मराठी एव्हाना व्हाळापार गेले होते.

"नाय रे, खंय खाता? त्यान हुंगल्यान आणि सोडल्यान. तेका आवडाक नाय."

हे दाजींना फारच लागले. खाल्ले असते तर एकवेळ चालले असते.

दुपारी झापाखाली पेज शिजली. चुलीतली राख गवतावर, भांडी घासल्याचे पाणी गवतावर, आणि गुरांनी जे करायचे ते गवतावरच केले. बायकांनी फुगड्या धरल्या आणि त्यात सगळ्यांत पुढे सुभद्राबाई! दाजी ओरडायला पुढे झाले, पण बायकोचा फुललेला चेहरा बघून मागे फिरले. व्हाळापलीकडे राहायला आल्यापासून त्या बाईला बोलायला माणूस नव्हते, हे त्यांना त्या क्षणापर्यंत सुचलेच नव्हते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

निदान चार हात गवत तरी वाचावे म्हणून त्यांनी खुर्ची मधोमध ठेवली. पाणी प्यायला गेले आणि येऊन बघतात तो खुर्चीत म्हातारी जानकीआजी बसलेली. तिला उठवणार कोण? दाजी खाली मांडी घालून बसले. जन्मात पहिल्यांदा ते स्वतःच्या लॉनवर बसले होते. बसल्यावर त्यांनी समोर पाहिले. लोक घोळक्याने बसले होते, हातात चहाचे पेले होते, पोरे कोलांट्या मारत होती, कुणीतरी मोठ्याने हसत होते. मुंबईच्या खिडकीतून दिसायचे ते हेच. फक्त त्या वेळी दाजी बाहेर होते आणि आता आत होते. त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"रडतंस कित्याक रे?" जानकीआजीने विचारले.

"धूर गो आजी, धूर," दाजी म्हणाले.

तीन दिवसांनी देवाने परतायचा कौल दिला आणि गाव आला तसा गेला. मागे राहिला तो नुसता राखेचा, शेणाचा आणि खुरांचा चिखल. विलायती गवताचे एक पाते औषधाला उरले नव्हते. सुभद्राबाई पदर खोचून टोपली घेऊन उभ्या राहिल्या.

"गुरांनी तुडवून जमीन कशी चोपून दिली ती बगा. आता नुसती सारवूची बाकी."

"शिमगो होवंक नाय अजून," दाजी पडेल आवाजात म्हणाले. "बोलणां शिमग्यापर्यंतचां आसा."

सुभद्राबाई बोललेल्या शब्दाला जागणाऱ्या होत्या. त्यांनी टोपली खाली ठेवली. दाजींना आशा अशी काही नव्हती, पण रहाट ओढायची सवय लागली होती. म्हणून ते त्या चिखलालाच पाणी घालत राहिले. आचऱ्याच्या बाजारात लोक त्यांना विचारीत, "काय दाजी, शेण कसां उगवता?"

आणि एके सकाळी ते उगवले! आधी कडेला हिरवे टोक दिसले, मग मधे दिसले, आणि बघता बघता सगळे अंगण पायाखाली मऊ लागेल इतके दाट झाले. उपटून फेकलेल्या हरळीची मुळे जमिनीत होतीच. विलायती बी मेले, हरळीला जागा मिळाली, आणि सगळ्या गावच्या गुरांचे खत मिळाले. अर्थात दाजींनी जगाला सांगितले ते असे, की विलायती जातीला रुजायला वेळ लागतो. सुभद्राबाईंनी संकष्टीला त्यातलीच जुडी खुडून गणपतीला वाहिली. बाजाराला जाता येता मुख्तारचे बैल आता फाटकाशी आपणहून थांबत आणि तासभर चरून जात. त्यामुळे गवत कापायचाही प्रश्न मिटला.

शिमग्याला सुभद्राबाईंनी अंगणाला एक फेरी मारली. खाली वाकून हात फिरवला.

"जिंकलात," त्या म्हणाल्या. "अंगण तुमचां."

दाजींनी कोट घातला. सारा गाव लॉन बघायला आला. भाईंनी चपला बाहेर काढून आत पाऊल टाकले, आणि असा मान मुंबईच्या साहेबांच्या लॉनलासुद्धा मिळाला नसेल. दाजी दिवसभर जमिनीवर नव्हते.

त्या आनंदातच ते देवळात गेले. या खेपेला तोंड उघडायचे नाही, असे त्यांनी घरून ठरवून आणले होते. भाई गाऱ्हाण्याला उभे राहिले. त्याच दुपारी सुभद्राबाई फणसाचे साट घेऊन भाईंच्या घरी जाऊन आल्या होत्या, हे दाजींना ठाऊक नव्हते.

"बा देवा म्हाराजा," भाई म्हणाले, "दाजीच्या दारात जी हिरवळ झाली, ती तुज्या पळणीच्या पावलान झाली, ती अशीच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा!"

"पुढची पळण येयत तेव्हा गावाक थंयच जागा मिळांदे."

"व्हय म्हाराजा!"

"आणि वैशाखात सुभद्रावैनीची आमसुलां त्याच हिरवळीर चटये घालून सुकांदेत, आणि दाजीन थंयच खुर्ची घालून कावळे हाकवूंदेत."

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तो दाजींचा होता. तोंडातून निघून गेल्यावर त्यांना आपण कशाला व्हय म्हटले ते कळले. बायकांच्या बाजूला सुभद्राबाई डोळे मिटून, हात जोडून भक्तिभावाने उभ्या होत्या.

वैशाखात दाजी आपल्या लॉनवर आपल्या खुर्चीत बसले, देवळात म्हटले होते अगदी तसे. हिरव्यागार गवतावर चटया होत्या, चटयांवर लालभडक आमसुले होती आणि दाजींच्या हातात काठी होती. दोन कावळे त्यांनी हाकलले. तिसरा उडत येऊन 'गवतावर चालू नये' या पाटीवर बसला. दाजींनी काठी उचलली, थोडा विचार केला आणि खाली ठेवली. बसायला मनाई नव्हती.