दोनशे पंधरावी तपासणी

पाणीपुरवठा कार्यालयाच्या वेबसाइटवर दोनशे चौदा गोष्टी असायलाच हव्यात, असं नागरिकांच्या सनदेत लिहिलेलं आहे. त्या आहेत की नाहीत, हे रोज सकाळी सव्वादहाला बघणं हे माझं काम. मी तपासनीस. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी मला काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेतात, असं सात वर्षं चाललंय.

कामाचं स्वरूप लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. वेबसाइटचं पान बाहेरून चित्रासारखं दिसतं, पण आतून ते म्हणजे पेटीत पेटी, तिच्यात आणखी पेटी आणि प्रत्येक पेटीवर चिठ्ठी. मी कॉम्प्युटरला पत्ता लिहून देतो : मुख्य पान, त्यात फॉर्म, फॉर्ममध्ये बटण, बटणावर 'तक्रार' अशी चिठ्ठी. या पत्त्याला आमच्या धंद्यात सिलेक्टर म्हणतात. कॉम्प्युटर त्या पत्त्यावर जातो, मोजतो आणि सांगतो, 'अपेक्षित एक, सापडलं एक.' की आली हिरवी खूण. नाही सापडलं, तर लाल. वस्तू दिसते कशी, कुणाच्या उपयोगाची आहे का, असले भोचक प्रश्न कॉम्प्युटर विचारत नाही. मीही विचारत नसे. सात वर्षं उगाच नाही टिकलो.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमचे साहेब तीन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले.

कार्यशाळेहून लोक पिशवी आणि पेन आणतात. साहेब एक वाक्य घेऊन आले : 'पानाला श्वास घेऊ द्या.' आल्या आल्या ते स्क्रीनपुढे मान तिरकी करून उभे राहिले. पानाच्या मधोमध लालभडक, ठसठशीत बटण होतं, 'तक्रार नोंदवा'.

"हे काय आहे?"

"तक्रारीचं बटण, साहेब."

"किती नकारात्मक वाटतं! माणूस बिचारा साधी माहिती घ्यायला येतो, आणि आपणच त्याला सुचवतो, बाबा रे, तक्रार कर. काढा ते."

आमच्या प्रोग्रामरबाई एका कानात कायम गाणी ऐकतात, दुसरा कान ऑफिससाठी मोकळा ठेवतात. त्यांनी मोकळ्या कानाने ऐकलं आणि अर्ध्या मिनिटात बटण काढलं. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला माझ्या स्क्रीनवर लाल खूण. 'अपेक्षित एक, सापडलं शून्य.'

लाल खूण म्हणजे काही चेष्टा नाही. लाल अहवाल आढावा समितीपुढे जात नाही. अहवाल गेला नाही की पानाची नवी आवृत्ती लागत नाही, आणि त्या नव्या आवृत्तीत साहेबांचा हसरा फोटो होता. साहेब तडक माझ्या टेबलापाशी आले.

"ती तपासणीच काढून टाका ना राव."

"ती सनदेतून आलीय, साहेब. सनद बदलायची तर नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतील."

"मागवा की. कुठून येतात हरकती?"

"तक्रारीच्या बटणावरून."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात प्रोग्रामरबाई म्हणाल्या, "काढायचं कशाला? राहू दे की पानात. मी ते स्क्रीनच्या बाहेर सरकवते, डावीकडे पार लांब. पत्त्यावर आहेच, फक्त दिसणार नाही."

मी तपासून बघितलं. हिरवं! खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

आधी आठवड्याला साडेतीनशे तक्रारी यायच्या, त्या आठवड्यात अकरा आल्या. साहेब दोन दिवस खूश होते, तिसऱ्या दिवशी त्यांना संशय आला. "हे अकरा कोण?" चौकशी केली, तर अकराच्या अकरा एकाच घरातून. तिथे एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर राहतात, जन्मापासून दृष्टी नाही. त्यांचा कॉम्प्युटर त्यांना पान वाचून दाखवतो, आणि बटण स्क्रीनवर आहे की स्क्रीनच्या बाहेर, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तो इमानेइतबारे वाचायचा, 'तक्रार नोंदवा, बटण.' ही बातमी आसपास पसरली होती. चांगले डोळस लोक चिठ्ठ्या घेऊन त्यांच्या दारात उभे राहायचे आणि ऑपरेटर एकेकाची तक्रार नोंदवून द्यायचे.

"म्हणजे ज्यांना दिसतं त्यांना सापडत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला सापडतं?" साहेब भडकले. "हा काय चावटपणा आहे?"

"त्यांना ऐकू येतं, साहेब."

"मग ऐकूही येऊ नये असं करा. सगळ्या नागरिकांना समान वागणूक मिळाली पाहिजे."

प्रोग्रामरबाईंनी बटणावर आणखी एक चिठ्ठी लावली, 'लपवलेलं'. ही चिठ्ठी लागली की वस्तू दिसत नाही, ऐकूही येत नाही, पण आपल्या पत्त्यावर मात्र राहते. सव्वादहाला पुन्हा हिरवं. दुपारी मला ऑपरेटरांचा फोन आला.

"साहेब, कालपर्यंत बटण होतं हो. आज कुठं गेलं?"

"जागेवर आहे. आजच तपासलंय."

"असं होय! बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, माझं मशीनच म्हातारं झालं."

त्या आठवड्यात तक्रारी शून्य. समितीने इतिवृत्तात 'शंभर टक्के समाधान' असं लिहिलं आणि साहेबांचा सत्कार केला. एकदा चव लागल्यावर साहेब थांबतात कसले! अभियंत्याचा फोन नंबर गेला, पाणी तपासल्याची तारीख गेली, तपासणीत काय निघालं तेही गेलं, बिल दुरुस्तीचा अर्ज गेला. तक्रारीचं बटण धरून अशा एकतीस वस्तूंवर 'लपवलेलं' लागलं. महिनाअखेर पानावर उरला पाण्याचा एक थेंब आणि शेजारी साहेब. दोनशे चौदा खुणा हिरव्यागार, आणि प्रत्येक अहवालाखाली माझी सही.

हे सगळं मी मजेत सांगत बसलो असतो. पण त्याच महिन्यात आमच्या नळाला पिवळं पाणी यायला लागलं.

आमच्याकडे सासूबाई असतात. निवृत्त मुख्याध्यापिका. पोटाचा जुना त्रास, त्यामुळे दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, अशी डॉक्टरांची ताकीद. त्यांनी पेला खिडकीशी धरला आणि मला हाक मारली.

"जावईबापू, हे पाणी आहे की चहा? चहा असेल तर साखर कमी पडलीय."

"अहो, तुमच्याच ऑफिसचं पाणी ना हे?" बायको म्हणाली. "मग नोंदवा की तक्रार!"

तिघं लॅपटॉपपुढे बसलो. थेंब आला, साहेब आले. सासूबाईंनी चष्मा पुसला.

"कुठाय बटण?"

"आहे."

"कुठं आहे?"

"मुख्य पान, त्यात फॉर्म, फॉर्ममध्ये बटण. सकाळी सव्वादहाला मी स्वतः तपासलंय."

"मला दाखवा."

"आई, असणं माझ्याकडे आहे. दिसणं माझ्याकडे येत नाही."

सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला. "चौतीस वर्षं शाळेत काढली मी. गृहपाठ केलाय पण वहीत दिसत नाही, असं सांगणारी कार्टी पुष्कळ बघितली. त्यातलंच एक जावई म्हणून येईल, असं नव्हतं वाटलं."

दुसऱ्या दिवशी त्या एका बाटलीत नळाचं पाणी आणि हातात लेखी अर्ज घेऊन आमच्या कार्यालयात गेल्या. मला न सांगता. खिडकीतला कारकून म्हणाला, "कागदी अर्ज बंद झालेत, आजी. वेबसाइटवर बटण आहे." त्या म्हणाल्या, "दिसत नाही." त्याने भिंतीवर डकवलेल्या माझ्या अहवालावर बोट ठेवलं, "हे बघा, अपेक्षित एक, सापडलं एक. खाली सहीसुद्धा आहे." घरी आल्यावर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बायकोला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं अक्षर वळणदार आहे हं."

आम्ही पाणी उकळत होतो, गाळत होतो. पण फळं धुवायला, दात घासायला, चूळ भरायला कोण उकळत बसतंय? तीन-चार आठवड्यांनी सासूबाईंचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ. दवाखान्यात भरती केलं. सलाईन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" बायकोने माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईंनी मला कधी पोटच्या मुलापेक्षा वेगळं वागवलं नव्हतं. आणि त्या तिथे हळदीसारख्या पिवळ्या पडून होत्या, माझी सही बघून घरी आलेल्या.

तसाच ऑफिसला गेलो आणि कुणालाही न विचारता दोनशे पंधरावी तपासणी लिहिली. पत्ता अगदी सोपा : पानात कुठेही असलेली, 'लपवलेलं' अशी चिठ्ठी लावलेली वस्तू. अशी एकही असता कामा नये. चालवली. लाल! 'अपेक्षित शून्य, सापडल्या एकतीस.'

कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"काल अहवाल कसा होता?"

"हिरवा."

"आज?"

"लाल."

"कालपासून आजपर्यंत वेबसाइटवर काय बदललं?"

"काहीच नाही, साहेब."

"मग बदललं काय?"

"माझी एक तपासणी वाढली."

"म्हणजे दोष कुणी आणला?"

हिशेब तर चोख होता. मी म्हणालो, "साहेब, माझ्या सासूबाई दवाखान्यात आहेत. कावीळ झालीय. आपल्या पाण्याने."

साहेबांचा चेहरा खरंच पडला. माणूस वाईट नाही हो. "अरेरे! अहो, गेल्या वर्षी आमच्याकडे तर दोघांना झाली होती. लगेच पाणी शुद्ध करायचं मशीन बसवून घेतलं मी. तुम्ही अजून बसवलं नाही? कमाल करता!" मग त्यांनी खणातून एक फाईल काढली. वर माझं पद लिहिलेलं होतं आणि त्यापुढे 'कायम करणेबाबत'. "परवा समितीपुढे जातेय. सोबत हिरवा अहवाल जोडावा लागतो, एवढंच. आणि हे बघा, तुमची ही तपासणी काढू नका. छान आहे. दोनशे पंधरा म्हटलं की भारदस्त वाटतं. फक्त ती हिरवी आली पाहिजे."

मी प्रोग्रामरबाईंकडे बघितलं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि एकतीस ठिकाणची 'लपवलेलं' ही चिठ्ठी बदलून तिथे त्याच कामाची 'राखीव' अशी चिठ्ठी लावली. वस्तू होत्या तशाच अदृश्य राहिल्या. मी तपासणी पुन्हा चालवली. 'अपेक्षित शून्य, सापडलं शून्य.' दोनशे पंधरापैकी दोनशे पंधरा. मी सही केली. माझ्यावर कुणीही जबरदस्ती केली नाही, हेही इथे नमूद करून ठेवतो.

कायम झालो त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन लागलं. बसवणारा माणूस म्हणाला, "तुमच्या गल्लीतलं हे एकोणिसावं." सासूबाई नवव्या दिवशी घरी आल्या. निम्म्या झाल्या होत्या. बायकोने मशीनचं पाणी दिलं, त्या सावकाश प्यायल्या.

"चव बरी आहे," त्या म्हणाल्या. "तक्रारीचं काय झालं?"

"मिटली की, आई. आता कुठं येतंय पिवळं पाणी?"

"आपली मिटली. जिन्याखाली इस्त्रीवाली राहते, ती त्याच नळाचं पाणी भरते. दोन लेकरं आहेत पदरात. तिची?"

मी म्हणालो, "तिची तक्रार आलेली नाही."

तोंडातून निघून गेलं. सवयीने. सासूबाईंनी पेला खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तेव्हापासून त्या मला जावईबापू म्हणत नाहीत. 'तपासनीस' म्हणतात.

तुम्हालाही माझा राग आला असेल. येऊ द्या, माझी ना नाही. पण एक सांगा, तुमच्या ओट्यावर जे मशीन लावलंय, ते लावायच्या आधी तुम्ही तक्रार नोंदवली होतीत का? निदान बटण तरी शोधलं होतंत? मी आमच्या नोंदी दोनदा चाळल्या. त्यात तुमचं नाव कुठेच नाही. तुम्हाला आम्ही समाधानी लोकांत धरलेलं आहे.