अपुऱ्या पाटीवरचा शब्द

भाषा जिवंत ठेवायची तर तिच्यात नवे शब्द सतत जन्मावे लागतात. इंग्रजीच्या बाबतीत हे बाळंतपण बहुधा कचेरीत होतं, पेढे साहेब खातात आणि कळा मात्र तिसऱ्यालाच येतात.

ज्या कंपनीची ही हकिगत, तिथे या कामासाठी तिसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोली होती. खोलीत पाच साहेब, एक लांब टेबल आणि पाण्याच्या पाच बाटल्या. हीच शब्द-समिती. समितीची पद्धत शास्त्रीय होती. एका शब्दाचं मुंडकं घ्यावं, दुसऱ्याचं धड घ्यावं आणि टाका दिसू नये असं शिवावं. ते न जमल्यास मिळेल त्या शब्दाला 'आयझेशन'चं शेपूट लावावं. तेही न जमल्यास नुसती आद्याक्षरं मांडून चेहरा गंभीर ठेवावा. (गेल्या वर्षी समितीने एकशे बारा शब्द केले. पैकी एकशे नऊ शब्दांचा अर्थ एकच: माणसाला कामावरून काढणे. उरलेले तीन समितीच्या स्वतःच्या हुद्द्यांसाठी लागले.)

एका गोष्टीला इतके शब्द कशाला, असं एखादा अडाणी विचारील. कारण साधं आहे. असा शब्द लोकांना कळेपर्यंतच टिकतो. 'डाउनसायझिंग' म्हणजे काय हे कँटीनमध्ये कळलं आणि त्याच दिवशी तो शब्द असभ्य ठरला. मग 'राइटसायझिंग' आणलं. ते जेमतेम सात महिने पुरलं.

नवा शब्द ठरला की त्याची पाटी लागे, आणि पाट्या रंगवत पेंटरकाका. काकांना अक्षरओळख झाली ती बाविसाव्या वर्षी, ब्रश हातात धरून. त्यामुळे प्रत्येक अक्षराची रुंदी त्यांच्या बोटांत होती. अर्थाच्या भानगडीत ते पडत नसत. एका टोकाकडून लिहीत गेलं की शेवटची अक्षरं चेंगरतात, म्हणून ते दोन्ही टोकांकडून लिहीत आणि मध्यावर येऊन भेटत. तीस वर्षांत भेट चुकली नव्हती.

त्या आठवड्यात तळमजल्यावर पाट्या छापणारं मशीन येऊन पडलं होतं, अजून खोक्यात. काका येता-जाता खोक्याकडे बघत. ही एक पाटी फक्कड झाली तर खोकं कुणी उघडणार नाही, अशी त्यांची समजूत.

मजकूर आला होता: 'रिस्पेक्टफुल रिटायरमेंट'. सुताराने पाटी तीन फुटांऐवजी दीड फुटाची कापली होती. काकांचं लक्ष खोक्यात. डावीकडून त्यांनी चार इंग्रजी अक्षरं काढली, उजवीकडून सात काढली आणि मान वर करून बघतात तर मधली जागा संपलेली. पाटीवर झळकत होतं: 'रिस्पायरमेंट'.

काका रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला धावले, तेवढ्यात मोठे साहेब दारात.

"थांबा! कुणी केला हा शब्द?"

"चुकलं साहेब. पाटी तोकडी पडली."

"अहो, याला चूक म्हणतात होय? रिस्पेक्ट आला, रिटायर आलं, आणि कुणाला काही कळत नाही!"

समितीने पाटीभोवती उभं राहून टाळ्या वाजवल्या. एक जण हळूच म्हणाला, "थोडा एक्स्पायरचा वास येतो." त्याची सूचना गुण या सदरात नोंदवली गेली.

शब्द वापरून बघायला माणूस हवा होता. शब्दाच्या जनकाचाच पहिला मान, असं सर्वानुमते ठरलं. दुपारी खोकं उघडलं. काकांना फुलांचा गुच्छ मिळाला, आणि त्यांनीच रंगवलेल्या पाटीखाली त्यांचा फोटो निघाला.

घरी बायकोने गुच्छ पाण्यात ठेवला.

"कशाबद्दल हो?"

"रिस्पायर केलं मला."

"चांगलं असतं का ते?"

"सगळे टाळ्या वाजवत होते."

"मग पगारात काही?"

"तसलं विचारायचं नसतं त्यात."

"बरं बाई." ती कणीक मळायला बसली. "उद्या डबा करायचा का, तेवढं सांगा."

कामावरून काढण्याचे एकशे दहा शब्द काकांनी स्वतःच्या हाताने रंगवले होते, पण या प्रश्नाला द्यावा असा त्यांतला एकही सापडेना.

शब्द मात्र झपाट्याने पसरला. आज तो शेजारच्या तीन कंपन्यांत चालतो. (चौथीत 'रिस्पायरायझेशन' चालतं, ती मोठी कंपनी आहे.) वाचकहो, आपणही काका घरी येईपर्यंत सोबत होतात, आणि बायकोने डब्याचं विचारेपर्यंत आपल्याला हसूच येत होतं. अशा समजूतदार माणसांची समितीला नेहमीच गरज असते. उद्या आपल्या टेबलावर गुच्छ दिसला तर दचकू नका. आपला शब्द नवा कोरा असेल, आणि पाटी या वेळी मशीनवर, मापात छापलेली असेल.