एका जागी ताठ

आमच्या शेजारचे सुभाषनाना नव्या माणसाचं गाव किंवा आडनाव विचारत नाहीत. त्याला थोडा वेळ बोलू देतात आणि मग मला कोपराने ढोसून सांगतात, "बरा हाय. पण एका जागी ताठ." माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाचा निकाल तर त्यांनी मुलीच्या वडिलांसमोरच लावला. "पोरगी उत्तम. बाप एका जागी ताठ." ते स्थळ चहा संपायच्या आत उठलं.

ही भाषा त्यांच्या गाडीची. डेपोतल्या फिटरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर नानांनी वेळणेश्वरच्या पुळणीवर पर्यटकांना फिरवायला एक जुनी एटीव्ही घेतली. चार जाड चाकांची, वाळूत पळणारी मोटारसायकलच म्हणा. खाऱ्या वाऱ्याने आणि वाळूने तिची चेन कमीजास्त झिजली होती. चाक फिरलं की चेन एका जागी ताठ व्हायची, पुढे लोंबायची. नाना गाडीची मागची बाजू चिऱ्यावर टेकवतात, चाक हाताने हळूहळू फिरवतात, ताठ जागा शोधतात आणि तिथेच ढील ठेवून नट आवळतात. ढिल्या जागी आवळली तर ताठ जागी तुटते, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावंच लागतं.

"काका, सूर्य बुडाला की!" एक पुणेकर वैतागले.

"तो उद्या येतो परत. तुमचा गुडघा नाय येणार."

पुणेकर दुसऱ्याच्या गाडीवर गेले.

नानांची बायको मालतीकाकू. मी कॉलेजला असताना पहाटेच्या गाडीसाठी निघायचो, तेव्हा त्यांचा डबा तयार असायचा. आमच्या घरात पहिली पदवी आली, त्या दिवशी आईच्या आधी काकू रडल्या. त्यांनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. देवळापासून पुळणीच्या टोकापर्यंत एक फेरी.

"जगाला फिरवता, मीच काय पाप केलंय?"

"तुझी कंबर धड नाय. गचका बसेल. चेन एकसारखी होऊ दे गो."

"म्हातारी झाली ती. आता कसली एकसारखी होते? नवी घाला."

"हातानं जमतंय, तर नवी कशाला?"

झिजलेली चेन आवळून एकसारखी होत नाही, हे नानांना कळत नव्हतं असं नाही. पण आपल्या बोटांवर त्यांचा फार विश्वास. पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली गेली की काकू पुढच्या हंगामाची वाट बघायच्या. गेल्या श्रावणात साध्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या.

दिवाळीनंतर मी घरी गेलो, तेव्हा नाना पुळणीवर चाक फिरवत बसले होते. चेन तीच. एक वयस्कर जोडपं येऊन थांबलं. बाई गाडीकडे बघत राहिल्या.

"उद्या बघू," यजमान म्हणाले, "आज तुझी कंबर दुखतेय ना?"

बाई निमूट वळल्या. नानांनी चिरा काढला.

"वैनी, आत्ताच बसा. मी नेतो."

गाडी इतकी सावकाश गेली की शेजारून चालणारे यजमान पुढे निघून गेले. टोकाला वळून ती परत आली. बाई हसत उतरल्या.

"गचका बसला काय हो, वैनी?"

"छे! कुठे?"

नाना खाली उतरले नाहीत. हँडल धरून बसून राहिले.

"जरापण नाय?" त्यांनी पुन्हा विचारलं.