नारळ फुटल्यानंतरची तपासणी

माणसाने लग्न एकट्याने ठरवलं तर एक वेळ चालतं, पण जुनं यंत्र बघायला एकट्याने जाऊ नये, असा आमच्या वाडीचा ठराव आहे (ठराव क्रमांक चार, एकमताने मंजूर, एक सभासद डुलकीत). त्यामुळे गोदावहिनींच्या सुजयने जुना लोडर घ्यायचं मनात आणताच तपासणी समिती आपोआप तयार झाली. अध्यक्ष सखाराम अप्पा, कारण त्यांनी आजवर भाच्या-पुतण्यांसाठी अकरा स्थळं पाहिली आहेत आणि एकही परत आलेलं नाही. चिटणीस मी, जिल्हा परिषदेतून निवृत्त, कारण माझं अक्षर चांगलं आहे. तिसरे मुसाभाई. त्यांनी मस्कतला अठरा वर्षं बुलडोझर आणि लोडर चालवले आहेत. एवढ्या जाणत्या माणसाचं मत समितीवर दडपण आणील, म्हणून त्यांना निमंत्रित सदस्य ठेवलं (मताचा अधिकार नाही, पोहे मिळतात).

लोडर म्हणजे चेनवाला. चाकांच्या जागी लोखंडी पट्टे, पुढे बकेट. कातळाच्या उतारावर आंब्याच्या बागेसाठी जागा सपाट करायला याच्यासारखं यंत्र नाही. सुजय नऊ वर्षं भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर होता आणि त्याची रजा सोमवारपर्यंत होती. लोडर चांगला निघाला तर राजीनामा पाठवून गावातच धंदा करायचा, नाही तर सोमवारी परत भिवंडी. गोदावहिनी अप्पांना म्हणाल्या, "भावजी, नीट बघा हां. तो इथे राहिला तर मला दुसरं काय नको. एकटीने जेवायचा कंटाळा आलाय मला." मी हे इतिवृत्तात घेतलं नाही, कारण ते यंत्राविषयी नव्हतं.

अप्पांनी पंचांग पाहून शुक्रवार दुपारी बारा चाळीसचा मुहूर्त काढला. मुसाभाई म्हणाले, "शुक्रवारी माझी जुम्म्याची नमाज असते. ती आटपून दोनला पोचतो. तोवर काय ठरवू नका." अप्पांनी त्याला मोठ्या मनाने मान्यता दिली.

मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये लोडर उभा होता. मालक रितेश, वय पस्तीस, गळ्यात चेन, वागायला अतिशय नम्र. त्याने आधीच खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, त्यामुळे माणूस सज्जन असल्याची पहिली नोंद मी तिथेच केली. लोडरला नवाकोरा पिवळा रंग होता. बॉनेटवर हात ठेवला तर ते छान कोमट लागत होतं. अप्पांनीही हात ठेवून पाहिला, सुजयनेही ठेवला आणि यंत्र अंगाने धडधाकट असल्याबद्दल सर्वांचं एकमत झालं. रितेशने चावी फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं, आणि अप्पांनी टाळ्या वाजवल्या.

तपासणी एकूण शंभर मिनिटं चालली. पोहे आणि चहा यांना चाळीस मिनिटं लागली. रितेशचं आजोळ कुठलं या चौकशीला पंचवीस (अप्पांच्या आत्येभावाच्या सासुरवाडीला निघालं, म्हणजे घरचाच माणूस). बकेटीत उभं राहून फोटो काढण्यात वीस गेली, नारळाची शेंडी काढण्यात सात. उरलेल्या आठ मिनिटांत प्रत्यक्ष यंत्र पाहिलं. सरकारी कामाच्या मानाने हे प्रमाण फार चांगलं आहे, मी अनुभवाने सांगतो.

मध्येच गोदावहिनींनी गोंधळ घातला. मासळीबाजारात बांगड्याचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय ही बाई पिशवी पुढे करत नाही. त्या वाकून यंत्राच्या पोटाखाली बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "हे खाली तेल कसलं पडलंय रे?"

"मावशी, आपल्याकडची हवा दमट. लोखंडाला घाम येतो," रितेश म्हणाला.

मी 'घाम' अशी नोंद केली.

बरोबर बारा चाळीसला अप्पांनी बकेटीसमोर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, या लोडरात काय वायटवंगाळ असेल, काय खोट असेल, ती दूर कर रे म्हाराजा!" आम्ही सगळे "होय म्हाराजा" म्हणालो. रितेशचं "होय म्हाराजा" सगळ्यांत मोठं होतं. नारळ फुटला. सर्व खोटी दूर करण्याचा अर्ज अशा रीतीने वर गेल्यावर खाली पुन्हा खोटी शोधत बसणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं झालं. आमच्याकडे कोणी तसं करत नाही.

मुसाभाई दोनला आले, सांगितल्याप्रमाणे. हातात बॅटरी आणि जुनं फडकं. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "नाना, तुम्ही आलात तेव्हा इंजिन गार होतं काय?"

मी वही उघडून वाचून दाखवलं: बॉनेट कोमट, छान.

मुसाभाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही यायच्या आधी तासभर चालवून ठेवलंन त्याने! रात्रभर गार पडलेलं इंजिन सकाळी चालू होतं का, तेच तर बघायचं असतं. रंग काय, कोणीपण मारतो." मग ते यंत्राखाली शिरले, बाहेर आले आणि म्हणाले, "चेनचे दात गेलेत. तेल गळतंय. संध्याकाळपर्यंत थांबा, गार होऊ दे, मग चालू करून दाखवू दे त्याला."

"मुसा," अप्पा शांतपणे म्हणाले, "नारळ फुटला."

"फुटला तर खोबरं वाटा! लोडर कशाला घेताय?"

सुजयने आईकडे बघितलं. वहिनींच्या पदरात खोबऱ्याचे तुकडे होते आणि त्या मुसाभाईंकडे बघत होत्या. "सुजय," अप्पा म्हणाले, "आता मागे सरलास तर आमचं सगळ्यांचं गाऱ्हाणं फुकट." सुजय खालच्या आवाजात "होय म्हाराजा" म्हणाला आणि विसार दिला. मुसाभाई पोहे न खाता गेले (शिल्लक पोहे अध्यक्षांनी संपवले).

शनिवारी राजीनामा गेला. रविवारी रितेशने लोडर ट्रेलरवरून आणून चालू स्थितीत कातळावर उतरवून दिला आणि उरलेले पैसे मोजून घेतले. सोमवारी सकाळी सुजयने चावी फिरवली. मंगळवारी फिरवली. बुधवारी मुसाभाई न बोलावता आले, दुपारपर्यंत आत डोकं घालून बसले आणि म्हणाले, "इंजिनात जीव राह्यला नाय रे बाबा." रितेशचा फोन तेव्हापासून बंद आहे, शेडही रिकामी आहे.

सुजय भिवंडीला परत गेला. त्याची जागा भरली होती. ज्याला त्याने स्वतः काम शिकवलं, त्याच्या हाताखाली तो आता माल मोजतो. लोडर कातळावरच आहे. बकेटीत कोकमाची सालं फार छान वाळतात, असा वाडीतल्या बायकांचा अभिप्राय आहे. परवा मी तिथून जाताना गोदावहिनी सालं परतत होत्या. "नाना," त्या म्हणाल्या, "यंत्र राह्यलं आणि पोरगा गेला." मला फार वाईट वाटलं. त्या बॉनेटवर पहिला हात माझाच होता.

म्हणून मी चौकशीची मागणी केली. चौकशी समितीवर तेच सदस्य नेमले (अनुभव लक्षात घेऊन). निष्कर्ष असा निघाला की, बॉनेट कोमट आहे हे ज्यांना नारळ फुटण्याआधी माहीत होतं आणि तरी ज्यांनी तोंड उघडलं नाही, ते सगळे सारखेच जबाबदार. यादी केली. अप्पा, मी, सुजय.

आणि चौथे तुम्ही. मी तुम्हाला वेळेवर सांगितलं होतं, मुसाभाई यायच्या आधी, अगदी स्वच्छ शब्दांत. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढे पोह्यांचं काय झालं ते वाचायला गेलात. असाच सदस्य आम्हाला हवा होता. येत्या शुक्रवारी अप्पांच्या पुतण्यासाठी जुना टेम्पो बघायला जायचंय. अकरा वाजता तिठ्यावर येऊन उभे राहा. नारळ मी आणतो.