हिंदुरावांचा अधिक-उणे सिंह

"एकाच बॅटरीतनं दोन विजा काढतो! एक शून्याच्या वर, एक शून्याच्या खाली!"

इंदापुरात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या हिंदुरावांनी नरसिंहपूरच्या उत्सवासाठी कागदाच्या लगद्याचा म्हशीएवढा सिंह केला होता. त्याची मान दोन्हीकडं वळवायची, तर पोटातली मोटर सुलटही फिरायला हवी आणि उलटही!

त्यांनी रावजींच्या ट्रकची बारा व्होल्टची बॅटरी घरी आणून पाटावर ठेवली आणि तिच्या सहा खणांच्या बरोबर मधोमध तार जोडली.

"हे आपलं शून्य. हिकडं अधिक सहा, तिकडं उणे सहा!"

खटका वर केला. सिंहानं उजवीकडं पाहिलं. खाली केला. डावीकडं पाहिलं!

"अगं बया!" सारजा, त्यांची बायको, लाटणं धरून तशीच उभी. रावजींनी टोपी काढली. हिंदुरावांच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला!

उत्सवाच्या सकाळी देवळापुढं सिंह ट्रकावर चढला, बॅटरी जागेवर बसली. मधल्या तारेचं उरलेलं टोक सिंहाच्या पोटातनं बाहेर लोंबत होतं.

"ह्या तारंत किती हाय?" रावजींनी विचारलं.

"शून्य!" हिंदुराव ऐटीत म्हणाले.

शून्य म्हणजे काईच न्हाय, असं समजून रावजींनी टोक ट्रकच्या लोखंडी कडीला गच्च बांधलं. पण ट्रकचं सगळं लोखंड आधीच बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेलं; शून्य आणि उणे सहा थेट एकमेकांना भिडले!

तार इंगळासारखी लाल झाली. सिंहाच्या तोंडातनं धूर निघाला! लोकांनी हात जोडले, धडाधड नारळ फुटले.

"सोडा! तार सोडा!" हिंदुराव थयथया नाचू लागले.

"ह्यांच्या अंगात आलं!" म्हणत म्हाताऱ्या द्वारकाबाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू फासलं.

तार वितळून तुटली तेव्हा कुठं धूर थांबला. पण आता सिंह हलेना आणि ट्रकही सुरू होईना. मिरवणूक खोळंबली. साऱ्या तालुक्यात फुशारकी मारून झालेली! हिंदुरावांना ट्रकाखाली शिरावंसं वाटलं.

"सरका तिकडं," सारजा पदर खोचत म्हणाली आणि लोकांची नजर चुकवून सिंहाच्या पोटात शिरली.

गावानं ट्रक ढकलायला घेतला. सिंहानं सावकाश मान वळवली. उजवीकडं. डावीकडं. मधेच खाली वाकून द्वारकाबाईंकडं पाहिलं! असलं वळण बॅटरीलाही जमलं नव्हतं!

"हिंदुराव, ही कुठली वीज म्हणायची, वरची का खालची?" द्वारकाबाईंनी दबकत विचारलं.

हिंदुरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सिंह सणसणीत शिंकला.

सगळ्या गर्दीनं कपाळ जमिनीला टेकवलं. सगळ्यात आधी हिंदुरावांनी!